मंदाच्या नावापुढची खूण

पुडीवरचं अक्षर माझंच होतं.

निफाडकडचे फौजदार देवरे यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसले. आमच्याच केंद्रातल्या जुन्या फॉर्मचा पाठकोरा कागद, वर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळलेला. कडेने शाई पसरली होती, तरी 'रविवार सोडून' एवढं स्वच्छ वाचता येत होतं. सोमवारी कालव्यात एका तरुण बाईचं प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. तिच्या पदराच्या गाठीत ही पुडी होती.

"गोळ्या कसल्या ते सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं," देवरे म्हणाले. "बाई कोण ते तुम्ही सांगा."

मी पुडी उघडली. आत पांढऱ्या गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते.  अर्ध्या गोळ्या मी तेव्हा एकाच बाईला देत होते. आणि कालच, गुरुवारी, मी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'हजर' अशी खूण केली होती.

मी त्या काळी नाशिकच्या कुष्ठरोग केंद्रात तंत्रज्ञ होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तंत्रज्ञ म्हणजे फार मोठं काही नाही. अंगावरच्या चट्ट्यावर पीस फिरवायचं, कळतंय का विचारायचं, कार्ड भरायचं, गोळ्या द्यायच्या. गोळी रोज एक, रविवार सोडून, आणि अशी काही वर्षं. केंद्रात मी एकटीच बाई, त्यामुळे बायकांचं रजिस्टर माझ्याकडे. बहुतेक चट्टे कुणालाही लागत नाहीत हे मी दिवसातून दहा वेळा सांगत असे आणि दहाही वेळा ऐकणारा दोन पावलं मागे सरकत असे. लोक सरळ महारोग म्हणत. आम्ही 'चट्टा' म्हणायचो, तेही हळू आवाजात.

कुष्ठरोग नियंत्रणाचा कार्यक्रम राष्ट्रीय होता. गावोगाव फिरून शोधलेल्या प्रत्येक पेशंटचं नाव, वय, पत्ता आणि चट्टा कुठे आहे ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असे. आकडे दर महिन्याला पुण्याला जात, तिथून दिल्लीला. नावं मात्र आमच्या लोखंडी कपाटात राहत आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

"मला तुमचं रजिस्टर पाहिजे," देवरे म्हणाले. "बायकांचं. सगळं."

"सगळं कशाला?"

"एकेक घर तपासतो. जी बाई घरात नाही, ती माझी."

मी त्यांना म्हटलं की तुमचा शिपाई दारात उभा राहून काय विचारणार ते मला पाठ आहे. पंचवटीत एकदा आमच्याच जीपने असा घोळ घातला होता. जीपच्या दारावर कार्यक्रमाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं. ड्रायव्हरने ती थेट पेशंटच्या गल्लीत नेऊन उभी केली आणि नाव घेऊन हाक मारली. पंधरा दिवसांत त्या कुटुंबाला खोली सोडावी लागली. तेव्हापासून मी कुणाच्या घरी गेले तर पायी जात असे, आणि कुणी विचारलं तर मतदार यादीचं काम आहे म्हणून सांगत असे.

देवरे शांतपणे ऐकत होते. माणूस अरेरावी करणारा नव्हता, हेच अवघड होतं. अरेराव माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

"बाई," ते म्हणाले, "तिच्या फुफ्फुसात पाणी नव्हतं. गळ्यावर वळ होते. पाच महिन्यांची पोटुशी होती. कुणीतरी तिला मारून पाण्यात टाकलंय आणि तो आज घरी बसून जेवतोय. तिला नाव नाही म्हणून मी त्याला हात लावू शकत नाही. सरकारचंच रजिस्टर, सरकारचेच पोलीस. मधे तुम्ही कशाला?"

 त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याच हद्दीतल्या एका द्राक्षबागाईतदाराची सून बेपत्ता होती. तक्रार सासरच्यांनीच दिली होती, सून कुणाचा तरी हात धरून पळाली म्हणून. नाव सुनीता. देवरेंनी नवऱ्याला प्रेतावरची साडी दाखवली. तो म्हणाला, आमची नाही.

माझ्या रजिस्टरमध्ये सुनीता कुणी नव्हती. अर्ध्या गोळीवाली होती ती मंदा. डॉक्टरांनी तिची गोळी अर्धी केली कारण ती गरोदर होती आणि अंगात रक्त नव्हतं. मंदा लग्नाआधीपासून आमची पेशंट. माहेर कळवणजवळचं, पण कळवणला कुणी ओळखेल म्हणून नाशिकला येऊन नाव लावलेलं. लग्न झालं आणि तिचं केंद्रात येणं थांबलं. नव्या नवरीला महिन्याच्या महिन्याला नाशिकला कोण पाठवणार, आणि काय सांगून? तेव्हापासून तिची आई सरूबाई यायची. गोळ्या घ्यायची, दुसऱ्या दिवशी निफाडच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायची आणि बाजाराच्या निमित्ताने आलेल्या लेकीच्या हातात पुडी द्यायची.

नियम असा होता की गोळ्या पेशंटच्याच हातात द्यायच्या आणि पहिली गोळी समोर गिळायला लावायची. नियम करणाऱ्यांच्या घरी मुली नसाव्यात. मी सरूबाईच्या हातात गोळ्या देत होते आणि मंदाच्या नावापुढे 'हजर' लिहीत होते. 'गैरहजर' लिहिलं असतं तर तिच्या शोधात आमचाच माणूस सासरी जाऊन थडकला असता. अशा चार सासुरवाशिणी माझ्या रजिस्टरमध्ये होत्या. चौघींच्या आया यायच्या, चौघींपुढे खूण व्हायची. ही गोष्ट डॉक्टरांनाही ठाऊक नव्हती. सासरी त्यांची नावं बदलून काय ठेवली ते मी कधी विचारलं नाही. माहीत नसलेलं तोंडातून निघत नाही, असा माझा हिशेब.

तर काल सरूबाई येऊन गोळ्या घेऊन गेली होती. म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं. आणि सरकारी कागदानुसार मंदा काल माझ्यासमोर उभी होती.

मी देवरेंना सांगितलं की डॉक्टर मीटिंगला गेलेत, त्यांच्या सहीशिवाय कपाट उघडणार नाही. खोटं नव्हतं, पण खरंही अर्धंच होतं. ते उठले. सोमवारी वरच्या ऑफिसचं पत्र घेऊन येतो म्हणाले.

संध्याकाळी डॉ. बर्वे आले. आमचे वैद्यकीय अधिकारी. पेशंटला स्वतःच्या हाताने पट्टी बांधणारा सज्जन माणूस, पण वरून आलेलं पाकीट पाहिलं की त्यांना घाम फुटे. मी त्यांना फक्त पोलीस आल्याचं सांगितलं.

"पत्र आलं तर द्यावं लागेल, गायकवाडबाई," ते म्हणाले. "मी कशाच्या जोरावर नाही म्हणू? माझी पोरं इथल्या शाळेत आहेत."

"आणि यादीतल्या बाया?"

"पोलीस गुप्त ठेवतील की."

मी किल्ली कमरेला खोचून बाहेर पडले. बोलले असते तर नोकरीतलं शेवटचं बोलणं झालं असतं.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी कळवणला गेले. सगळा रस्ता मी एकच घोकत होते, की माझी चूक झाली असेल, अर्ध्या गोळ्या दुसऱ्या कुठल्या केंद्राच्या असतील. अक्षर माझं होतं हे मात्र काही केल्या विसरता येईना.

सरूबाई ओसरीवर मठ निवडत होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला. मंदाच्या आठवणीने नाही, माझ्या येण्याने. ती झटकन मला आत घेऊन गेली.

"ताई, तुम्ही कशापायी आल्या? कोनी पाह्यलं तर काय सांगू?"

मी विचारलं, मंदा भेटली का काल. तिने फळीवरचा डबा काढला. गुरुवारी दिलेली पुडी तशीच होती. "ष्ट्यांडावर तीन तास बसले. आली नाय. सासूनं सोडलं नसंल." म्हणजे फौजदार माझ्यासमोर बसले होते तेव्हा ही तिकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बाया न्याहाळत होती. मला रडू आलं. तंत्रज्ञाने पेशंटच्या घरी रडू नये असं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं.

"सासरी नाव काय ठेवलं होतं तिचं?"

"सुनीता. का वो?"

मग मला सांगावंच लागलं. कसं सांगितलं ते इथे लिहीत नाही. तिने पदर तोंडात कोंबला, कारण भिंतीपलीकडे दिराचं घर होतं. खूप वेळाने तिने तोंड उघडलं ते हे म्हणायला, की नाव सांगू नका.

"गेली ती गेली, ताई. धाकटीचं जमत आलंय. हे नाव निघालं तं तिला कोन करून घील?"

मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही. एक मुलगी मेली होती, दुसरी परसात भांडी घासत होती. मी एवढंच सांगितलं, की सोमवारी पोलीस रजिस्टर नेतील, मग मंदाचं नाव तसंही निघेल आणि तिच्याबरोबर बाकी सगळ्यांचं. गळ्यावरच्या वळांचंही सांगितलं. पोटातल्या पाच महिन्यांचं तिला माहीत होतंच.

 मग तिने विचारलं, "अंगात ब्लाउज कोनता व्हता? हिरवा? बाह्यांना दुसऱ्या कापडाची पट्टी लावलेला?"

मी पाहिला नव्हता. पण ती पट्टी तिने स्वतः हाताने लावली होती, कापड कमी पडलं म्हणून.

"ब्लाउज वळखीन मी," ती म्हणाली. "आईनं वळखलं म्हना. गोळ्याचं काय बोलायचं नाय."

रविवारी ती आणि मी निफाडला गेलो. मी ठाण्याबाहेर थांबणार होते, पण तिने माझा हात सोडला नाही. देवरेंनी गाठोडं सोडलं. हिरवा ब्लाउज वरच होता. सरूबाईने त्याच्या बाहीवरून बोट फिरवलं आणि शिवण मोजल्यासारखी बघितली. "माझी मंदा," ती म्हणाली. "सासरी सुनीता." पुढे काही बोलायची गरज उरली नाही.

देवरेंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण, या बाईबरोबर कशी आले, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. जबाबात त्यांनी मला घेतलं नाही. निघताना बाजूला बोलावून म्हणाले, "तुमचं रजिस्टर आता मला नको. पण पुडी पंचनाम्यात आहे. ती मी गिळू शकत नाही."

त्याच आठवड्यात मंदाच्या नवऱ्याला अटक झाली. मला वाटलं, सुटलो.

खटला नाशिकला उभा राहिला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आरोपीचे वकील हुशार होते. त्यांनी पंचनाम्यातली पुडी धरली. पुडी आहे म्हणजे पेशंट आहे, पेशंट आहे म्हणजे रजिस्टर आहे. त्यांनी कोर्टाकडून समन्स काढलं आणि जे रजिस्टर मी पोलिसांना दिलं नाही ते डोक्यावर गाठोडं घ्यावं तसं कापडात बांधून मला कोर्टात न्यावं लागलं.

न्यायाधीशांनी बघ्यांना बाहेर काढलं, एवढं चांगलं झालं. दोन्हीकडचे नातेवाईक मात्र आतच होते. वकिलांनी मंदाचं पान उघडायला लावलं.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"हजर याचा अर्थ काय?"

"पेशंट आली होती."

"प्रेत सोमवारी सापडलं. तुमच्या सरकारी नोंदीप्रमाणे त्यानंतरच्या गुरुवारी मंदा चालत तुमच्याकडे आली, गोळ्या घेऊन गेली. मग प्रेत कुणाचं, बाई?"

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. आरोपीच्या बाकावर मंदाचा नवरा होता. तो पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघत होता. आईने ओळखलेला ब्लाउज एका बाजूला आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचं रजिस्टर दुसऱ्या बाजूला. कोर्टात कशाचं वजन जास्त हे सांगायला वकील लागत नाही.

मी म्हणाले, "खूण खोटी आहे. मंदा आली नव्हती. तिची आई आली होती."

वकिलांना हे हवंच होतं. आता हसत हसत त्यांनी दुसरं दार बंद केलं. नेमकी हीच एक खूण खोटी, आणि ती फौजदारांच्या सोयीची, असं कसं? ही तुमची नेहमीची पद्धत असेल तर अशा आणखी बाया असतील. कोण आहेत त्या? रजिस्टर समोर आहे. नावं दाखवा, त्यांच्या आयांना बोलावू, खरंखोटं आत्ता होईल. नावं नसतील तर तुम्ही पोलिसांसाठी गोष्ट रचली, एवढंच कोर्टाने समजावं.

मंदासारख्या आणखी तिघी. तिघी तेव्हा आपापल्या सासरी होत्या. एकीला नुकता मुलगा झाला होता. तिच्या आईने माझ्यासाठी पेढा आणला होता, हिरव्या कागदात गुंडाळून. नावं दाखवली असती तर माझं खरं ठरलं असतं आणि मंदाचा नवरा आत गेला असता. पण तिघींच्या दारात समन्स गेलं असतं, आणि सासरच्या घरात तो कागद मोठ्याने वाचला गेला असता. नाही दाखवली तर मंदा पुन्हा बेनाव. 

"सगळ्याच खोट्या," मी म्हणाले.

 न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे साहेब, नियम पाळून मी हे रजिस्टर भरलेलंच नाही. आई येते, भाऊ येतो, नवरा येतो, जो येईल त्याच्या हातात मी गोळ्या देते. खूण सगळ्यांपुढे एकच करते. कुठल्या खुणेला पेशंट आली होती आणि कुठल्या खुणेला दुसरं कुणी, ते आज पानं बघून मलाही सांगता येणार नाही. ही माझी पद्धत आहे. माझ्या हातच्या कुठल्याच पानावर विश्वास ठेवू नका."

त्यातलं बहुतेक शपथेवर बोललेलं खोटं होतं. असं मी चौघींपुरतंच केलं होतं. तिन्ही नावं, तिन्ही कार्डांचे नंबर मला तोंडपाठ होते, आजही आहेत.

 नोकरी किती वर्षं झाली, न्यायाधीशांनी विचारलं. नऊ, मी सांगितलं. या जबाबाचा परिणाम काय होईल ते समजतं का, त्यांनी विचारलं. समजतं म्हटलं. मग त्यांनी रजिस्टर मिटायला सांगितलं. जी पुस्तिका स्वतः भरणाराच खोटी म्हणतो, तिच्यातली बाकीची नावं वाचून कोर्टाचा वेळ घालवण्यात अर्थ नाही, असं काहीसं ते बोलले. वकील बसले.

सरूबाईची साक्ष आणि ब्लाउजची शिवण टिकली. मंदाच्या नवऱ्याला जन्मठेप झाली. खटल्यात एक गोष्ट निघाली ती मला जन्मभर पुरेल. शेजारच्या एका म्हाताऱ्याला आमच्याच गोळ्या चालू होत्या. मंदाच्या सासूने सुनेच्या ट्रंकेत पुडी पाहिली, तिच्यावरचं 'रविवार सोडून' वाचून घेतलं आणि तसंच लिहिलेली पुडी कुणाकडे पाहिली ते तिला आठवलं. त्या म्हाताऱ्याचा रोग गावाला ठाऊक होता. पोलिसांचा शिपाई येण्याआधी माझं अक्षरच तिच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. मी पुडीवर लिहिणं त्या दिवशी बंद केलं. आठवड्याचा हिशेब आयांना बोटांवर शिकवू लागले.

धाकटीचं जमलेलं मोडलं. सरूबाई मला एकदाही काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं. तीन वर्षांनी धाकटीचं लग्न धुळ्याकडे झालं, मला बोलावणं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

माझी खात्यांतर्गत चौकशी झाली. चार महिने सस्पेंड, दोन इन्क्रिमेंट बंद, शिवाय सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा: 'नोंदी अविश्वसनीय'. पुण्याहून आलेल्या साहेबांनी मला समोर उभं करून विचारलं की तुमच्यामुळे दिल्लीला किती खोटे आकडे गेले याची कल्पना आहे का. मी म्हटलं, चार. त्यांना तो विनोद वाटला नाही, आणि मीही विनोद केला नव्हता. डॉ. बर्वे मात्र माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अर्ध्या गोळीची चिठ्ठी माझी आहे, बाईंना एकटीला धरू नका, म्हणाले. त्यांना घाम फुटलेला होता.

मी कामावर परत आले त्या गुरुवारी दारात तिघींपैकी दोघींच्या आया उभ्या होत्या. तिसरी आली नाही. कोर्टात रजिस्टर गेल्याचं तिच्या कानावर गेलं असणार. मला तिच्या घरी जाता आलं नाही, कारण मीच आता ओळखीची झाले होते. तिच्या लेकीच्या गोळ्या तुटल्या. पुढे तिच्या हाताची बोटं वाकडी झाल्याचं मला फार उशिरा कळलं. या सगळ्या प्रकरणात माझं जे काही चुकलं असेल, त्यात हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आता भिंतीवर नवी नोटीस होती: गोळ्या फक्त पेशंटच्या हातात. खाली माझ्याच नावाने सही घेतलेली. मी त्या दोन आयांना आत बोलावलं, गोळ्या दिल्या आणि रजिस्टरमध्ये दोन्ही लेकींपुढे खरं तेच लिहिलं, 'गैरहजर'. शोधायला जाण्याचं काम आता माझ्याच गळ्यात मारलेलं होतं, तेव्हा शोधायला कुणी गेलं नाही. कमी पडलेल्या गोळ्या मी स्टॉक बुकात 'ओल लागून खराब' म्हणून दाखवल्या. निवृत्त होईपर्यंत त्या कपाटाला दर महिन्याला ओल लागत होती.

नव्या पोरी कामावर येत तेव्हा मी त्यांना एवढंच सांगत असे. खोटं लिहायची वेळ आलीच तर ते माणसाच्या नावापुढे लिहू नका, गोळ्यांच्या साठ्यापुढे लिहा. गोळ्यांना सासर नसतं.